परमिटची तारीख खुर्ची ठरवत नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम 81 आडवळणाचं नाही. टॅक्सीचं परमिट पाच वर्षांचं. मुदत संपायच्या निदान पंधरा दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. साहेबांची सही उशिरा झाली, तरी नूतनीकरण जुनी मुदत संपली त्या तारखेपासूनच लागू. पोटकलम 5 उघडून बघा. तरीही पनवेलला गाडी चालवणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या परमिटवर एका आरटीओ कार्यालयाने तारीख टाकली ती सहीच्या दिवसाची.

अर्ज मुदतीत होता. पावती आहे, पावतीवर शिक्का आहे. तोवर टीपी, म्हणजे तात्पुरतं परमिट, काढा म्हणाले. फी भरून काढली. तात्पुरतं परमिट चार महिन्यांपलीकडे मिळत नाही. ते संपलं तरी फाइल टेबलावरच.

खिडकीवर उत्तर काय, तर "मागचे दिवस पुढे मिळाले ना? पाच वर्षं पूर्ण आहेत." ही शुद्ध धूळफेक आहे. त्या उघड्या पडलेल्या दिवसांत अपघात झाला असता तर? परमिट नसणं हा विमा पॉलिसीचा मूलभूत भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ठरवलंय. विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि ती मालकाकडून वसूल करते. माणूस घर विकून बसेल! कळंबोली सर्कलला अडवलं तर कलम 192अ आहेच: पहिल्या खेपेला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पाच वर्षांनी वाढून मिळालेले दिवस यातलं काय भरून देणार?

ॲपवाल्या कंपन्यांना मात्र केवढी सवड! 2019 च्या दुरुस्तीने त्यांना परवाना बंधनकारक झाला. राज्याने नियमच केले नाहीत. शेवटी मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बजावावं लागलं, 16 तारखेपर्यंत अर्ज करा. तोवर धंदा जोरात होता. एका गाडीवर संसार चालवणाऱ्याला मात्र शिक्क्याची पावतीही वाचवत नाही.

आणि टीपीची फी? नूतनीकरण झालं की ती परत करायची, हेही त्याच पोटकलम 5 मध्ये आहे. एजंट म्हणतो, "सोडा हो भाऊ, पासिंगला परत इथंच यायचंय." सोडणार नाही. तारखेची दुरुस्ती आणि फी, दोन्ही लेखी मागितलंय. नाकारायचं तर कलम लिहून, सहीनिशी नाकारा. तो कागद घेऊन आम्ही परिवहन अपील न्यायाधिकरणात जाऊ.