सर्व्हिस नेमकी कोणाची?

मराठी विभागासाठी साहित्य द्या अशी नोटीस लागली आणि आमच्या वर्गाने कवितांचा पाऊस पाडला. पाऊस, मैत्री, पहिलं प्रेम आणि केटी या चारही विषयांवर भरपूर माल जमला आहे, असं संपादकांनीच सांगितलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझ्याकडून कवितेची अपेक्षा कोणी केली नाही, हे एक बरं झालं. तेव्हा मी लिहिणार आहे सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजेच आपलं लाडकं एसओए, या विषयावर. थांबा, पान उलटू नका! परीक्षेत दहा मार्कांना येतो म्हणून हा विषय घेतलेला नाही. परीक्षेत जेवढा येतो, त्यात नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं असं मला वाटतं, म्हणून घेतला आहे.

आपलं उत्तर ठरलेलं असतं. तीन चौकोन काढायचे: प्रोव्हायडर, कन्झ्युमर आणि रजिस्ट्री. मध्ये बाण. बाणांवर सोप (अंघोळीचा नव्हे), डब्ल्यूएसडीएल आणि यूडीडीआय. खाली फायदे. री-युजेबिलिटी, लूज कपलिंग वगैरे वगैरे, आणि पान भरायला कमी पडलं तर शेवटी "बिझनेस आणि आयटी यांचं अलाइनमेंट". हा शेवटचा फायदा आपण सगळेच घोकून लिहितो, तपासणारेही अर्धा मार्क देऊन पुढे जातात. पण अख्ख्या प्रकरणात खरी गोष्ट तीच आहे, आणि त्या नीट डायग्राममध्ये ती कुठेच दिसत नाही. बरं, डायग्राममधली ती रजिस्ट्री तरी कुठे आहे? आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली सार्वजनिक यूडीडीआय रजिस्ट्री २००६ च्या जानेवारीतच बंद झाली. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा रांगत होते!

आता अलाइनमेंट म्हणजे काय भानगड आहे ते बघू. उदाहरण घरचंच देते. माझी मावशी नागपूरहून पुण्याला राहायला आली. शाखेत जाऊन तिने पत्ता बदलला, कागदपत्रं दिली, पासबुकावर नवा पत्ता छापूनही आला. तरी गृहकर्जाची पत्रं नागपूरला, आणि क्रेडिट कार्डाचं बिल तर त्याच्याही आधीच्या भाड्याच्या घरी. बँक एकच, मावशी एकच, पत्ते मात्र तीन. काउंटरवरची मुलगी बिचारी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, लोनचं आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही." बँकेचं नाव सांगत नाही, कारण तुमच्या बँकेत याहून वेगळं चित्र असेल अशी मला खात्री नाही.

हे असं का होतं? कारण मोठ्या संस्थेत बचत खात्याची सिस्टीम एका साली, कर्जाची दुसऱ्या साली, कार्डाची तिसऱ्याच कंपनीकडून, अशी एकेक करून आलेली असते. प्रत्येकीने ग्राहकाचं नाव-गाव आपल्यापाशी लिहून ठेवलेलं असतं. एसओएचं म्हणणं साधं आहे. "ग्राहकाचा पत्ता सांगणे" हे काम एकाच ठिकाणी ठेवा. ज्याला पत्ता हवा असेल त्याने तिथे विचारावं, स्वतःची वही ठेवू नये. विचारायचं कसं हे ठरलेलं असावं. आत कोबॉल आहे की जावा, याच्याशी विचारणाऱ्याला देणंघेणं नसावं.

ऐकायला किती सोपं! आता ही सर्व्हिस बनवायला बसा. पहिलाच प्रश्न: ग्राहक कोण? बचत खात्याच्या लेखी ज्याचं खातं तो ग्राहक. कर्जवाले म्हणतात, सहकर्जदार पण आला पाहिजे, आणि जामीनदाराचा पत्ता तर आम्हाला वसुलीसाठी जास्तच लागतो. कार्डवाल्यांकडे नवऱ्याच्या कार्डावर बायकोला दिलेलं जादा कार्ड असतं. मग ग्राहक एक की दोन? आणि मावशीने शाखेत पत्ता बदलला, तर तो कर्जाच्या करारावर आपोआप बदलायचा, की त्याला वेगळी सही लागते? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर डब्ल्यूएसडीएलमध्ये नाही. ते कर्ज खात्याच्या मॅनेजरकडे आहे, कायदा विभागाकडे आहे, आणि थोडंफार काउंटरवरच्या त्या मुलीकडेही आहे. हे सगळे एका टेबलाशी बसून भांडले आणि एका उत्तरावर आले, तर अलाइनमेंट झालं म्हणायचं. तसं झालं नाही तर प्रोग्रामर आपल्या मनाने काहीतरी ठरवतो, आणि मावशीची बिलं नागपूरला जात राहतात.

मेल्विन कॉनवे नावाच्या गृहस्थांनी १९६८ सालीच एक लेख लिहून सांगितलं होतं की संस्थेत माणसं ज्या रचनेत एकमेकांशी बोलतात, तिचीच नक्कल त्या संस्थेने बनवलेल्या सिस्टीममध्ये उतरते. तीन खाती एकमेकांशी बोलत नसतील तर सिस्टीमही तीनच होणार. वर कितीही महाग सॉफ्टवेअर बसवा.

आणि बसवलं की लोकांनी! एसओए हा शब्द गार्टनर या संस्थेच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये वापरात आणला. पुढच्या दशकात तो इतका चालला की विकणाऱ्यांनी त्याचं पॅकेट केलं. एंटरप्राइज सर्व्हिस बस घ्या, सगळ्या सिस्टीम तिला जोडा, झालं तुमचं एसओए. "गाव तिथे एसटी" तसं "खातं तिथे ईएसबी". पण बस आली म्हणून गावं एकमेकांची सोयरी होत नाहीत. बहुतेक ठिकाणी जुन्याच सिस्टीमचे जुनेच फंक्शन वेब सर्व्हिसच्या वेष्टनात गुंडाळून बसमध्ये बसवले गेले. ग्राहक कोण हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण तो विकत मिळत नाही. शेवटी २००९ च्या जानेवारीत ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी एसओए वारल्याचं जाहीर केलं. मंदीत खर्च दिसत होता आणि फायदा दाखवता येत नव्हता, हे कारण. गंमत म्हणजे त्याच लेखात त्यांनी सर्व्हिसेसची गरज मात्र राहणारच असंही म्हटलं. गेलं ते नाव.

आता उलट बाजूचं उदाहरण. ॲमेझॉनची वेबसाइट सुरुवातीला एकच भलामोठा प्रोग्राम होती. माणसं वाढली आणि त्याच एका प्रोग्राममध्ये सगळ्यांचे हात अडकायला लागले. २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी हुकूम काढला: प्रत्येक टीमने आपली माहिती आणि काम सर्व्हिसमधूनच द्यायचं, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये परस्पर डोकावायचं नाही, आणि सर्व्हिस अशी बांधायची की उद्या बाहेरच्यालाही देता येईल. टेक्नॉलॉजी कोणतीही वापरा. न पाळणाऱ्याची नोकरी जाईल अशी तंबीही त्यात होती, असं तिथे काम केलेल्या स्टीव येगी या इंजिनियरने २०११ मध्ये लिहिलं. (आमच्या सबमिशनलाही एवढी कडक तंबी नसते.)

या हुकमात मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो आयटी खात्याच्या प्रमुखाने काढलेला नव्हता, मालकाने काढला होता. आणि त्यात सोप, एक्सएमएल, बस यातलं काहीच सक्तीचं नव्हतं. सक्ती होती ती कोण कोणाला जबाबदार आहे याची. वर्नर वोगेल्स हे ॲमेझॉनचे सीटीओ. २००६ च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की एक पान दाखवायला शंभराहून जास्त सर्व्हिसेसना विचारावं लागतं, आणि जी टीम सर्व्हिस बनवते तीच ती चालवते. म्हणजे रात्री दोनला बंद पडली तर फोन त्यांनाच. त्यामुळे ग्राहकाचा त्रास थेट प्रोग्रामरच्या उशापर्यंत पोचतो. याला म्हणतात अलाइनमेंट!

पण एवढ्या लांब कशाला जायचं? कँटीनमध्ये चहाचे पैसे देताना आपण रोज हेच वापरतो. ॲप एका कंपनीचं, आपलं खातं दुसऱ्या बँकेत, कँटीनवाल्या काकांचं तिसऱ्या बँकेत, आणि मध्ये २०१६ पासून यूपीआय, जे मुंबईची एनपीसीआय चालवते. प्रत्येक बँकेची आतली सिस्टीम वेगळी, कुठली जुनी, कुठली नवी. पण बाहेरून त्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले. या खात्यावर एवढे नावे टाक. त्या खात्यात एवढे जमा कर. शब्द बघा: नावे आणि जमा. पेढीवरच्या मुनीमजींना हेच शब्द कॉम्प्युटर येण्याआधी शेकडो वर्षं माहीत होते. म्हणून ही सर्व्हिस बँकेच्या माणसालाही कळते आणि प्रोग्रामरलाही. दोघं एकाच शब्दावर बोट ठेवून बोलू शकतात.

आणि खरी मजा पुढे आहे. समजा नावे पडले पण जमा झालेच नाहीत, तर? आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण "एरर, ट्राय अगेन" लिहून मोकळे होतो. इथे तसं चालत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला: मित्राला पाठवलेले पैसे असे अडकले तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याच्याकडे खात्रीचा संदेश पोचला नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला. प्रोग्रामरच्या दृष्टीने दोन्हीकडे एकच घटना आहे: एक पाऊल पडलं, दुसरं अडखळलं. पण मित्र आणि दुकानदार यांत फरक करायचा, मुदत किती ठेवायची, उशिराची किंमत कोणी मोजायची, हे सगळं धंदा आणि कायदा समजणाऱ्यांनी ठरवलं. कोड त्यामागून आला. माझ्या मते एसओए शिकवताना पहिला तास यावरच घ्यावा, आणि तीन चौकोन वेळ उरला तर.

हे मी एका सरांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, "अगं, एसओए आता कोण विचारतंय? मायक्रोसर्व्हिसेसवर लिही." सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४ च्या लेखानंतर मायक्रोसर्व्हिसेसची लाट आली हे खरं. तुकडे लहान झाले, जड बस गेली, हेही चांगलंच. पण तुकडा कुठे पाडायचा, हा प्रश्न तसाच शिल्लक आहे. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने चित्राचा दर्जा तपासणारी आपली सिस्टीम सुट्या तुकड्यांमधून पुन्हा एका प्रोग्राममध्ये आणली आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला, असं २०२३ मध्ये त्यांनीच सांगितलं. ते काम मुळात एकच होतं. कामाला सांधा नसेल तिथे चाकू चालवला तर नुसता कचरा होतो, आणि सांधा कुठे आहे हे काम माहीत असलेल्यालाच दिसतं.

आणि इथेच आपला, म्हणजे तुमचा-माझा, प्रश्न येतो. वर्षभराने प्लेसमेंट सुरू होतील. आपल्यातले कितीतरी जण हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत बसून कुठल्यातरी बँकेच्या, विमा कंपनीच्या किंवा हॉस्पिटलच्या सर्व्हिसेस लिहितील, त्यातल्या निम्म्या परदेशातल्या. आपल्याला जावा येतं. पायथॉन तर आता शाळेतल्या पोरांनाही येतं, आणि साधा कोड मशीनच लिहून देतं. पण नावे-जमा आपल्यातल्या किती जणांना येतं? अकाउंट्सचा, इकॉनॉमिक्सचा पेपर आपण "स्कोअरिंग" म्हणून आदल्या रात्री उरकतो. जामीनदार आणि सहकर्जदार यांतला फरक मला हा लेख लिहिताना बाबांना विचारावा लागला, आणि बाबा कॉमर्सचे आहेत म्हणून निभावलं. प्रोजेक्टच्या ओरलला विचारतात काय, तर "लँग्वेज कोणती? डेटाबेस कोणता?" "हा नियम कोणी ठरवला? त्या माणसाला तू भेटलीस का?" असं मला अजून एकाही एक्स्टर्नलने विचारलेलं नाही. विचारावं, आणि त्याला डायग्रामपेक्षा जास्त मार्क ठेवावेत, ही माझी जाहीर मागणी आहे.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांसाठी एक विषय फुकट देते. आपला नो ड्यूजचा फॉर्म. लायब्ररी, हॉस्टेल, वर्कशॉप, जिमखाना, अकाउंट्स, सगळीकडे सह्या. दरवर्षी कोणीतरी याचं ॲप बनवायचं म्हणतं, आणि त्या ॲपमध्ये पुन्हा प्रत्येक खात्याचं वेगळं लॉगिन असतं. त्याऐवजी आधी एवढंच शोधा: या मुलाकडे काही बाकी नाही हे शेवटी कोण ठरवतं? लायब्ररीत पुस्तक परत केलं पण दंड अकाउंट्सला भरायचा असेल, तर बाकी कोणाकडे दाखवायची? हॉस्टेलच्या डिपॉझिटमधून तो दंड वळता करता येतो का, आणि येत असेल तर कोणाच्या सहीने? लॅपटॉप घरी ठेवून आठवडाभर अकाउंट्स सेक्शनच्या बाकावर बसा. काउंटर साडेअकरा ते एक उघडा असतो, आणि तिथल्या मॅडमना दुपारच्या चहानंतर विचारलं तर सगळं सांगतात.