प्रतीक्षेची किंमत कोणत्या खात्यात?

२०२३ च्या दसऱ्याला आठ दिवस उरले होते. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर दुपारची गडबड ओसरली होती. गादीवर बसलेल्या तात्यांसमोर दोन्ही मुलांनी आपापले म्हणणे मांडले. विषय घरच्या मोटारीचा होता. अकरा वर्षे वापरलेली जुनी डिझेल गाडी थकली होती आणि तिच्या जागी एसयूव्ही घ्यायची, यावर घरात एकमत झाले होते. ह्युंदाई क्रेटा घ्यायची, हेही ठरले होते. मतभेद होता तो केवळ वेळेचा.

थोरल्याच्या हातात शोरूमचे दरपत्रक होते. साधारण पंधरा लाखांच्या गाडीवर विक्रेता साठ हजारांची सूट देत होता आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात आणून देण्याची त्याची तयारी होती. धाकट्याचे म्हणणे वेगळे होते. "दादा, ही सूट उगीच मिळत नाही. याच गाडीचे नवे रूप येते आहे. झाकलेल्या अवस्थेत ती रस्त्यावर फिरताना लोकांनी पाहिली आहे. आज पंधरा लाख मोजायचे आणि चार महिन्यांत आपली गाडी जुनी झालेली पाहायची, हा कुठला व्यवहार?"

तात्यांनी तत्काळ निर्णय दिला नाही. पन्नास वर्षांच्या व्यापारात हळदीची पोती कधी विकायची आणि कधी गोदामात ठेवायची, हाच प्रश्न त्यांनी दरवर्षी सोडवला होता. भाव वाढेल म्हणून माल राखून ठेवणाऱ्याला गोदामभाडे, घट आणि व्याज यांचा हिशेब धरावा लागतो. तोच नियम खरेदीलाही लागू आहे, असे त्यांचे मत होते. वाट पाहणे फुकट नसते. त्यांनी कोरा कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ ओढली.

डाव्या बाजूला वाट पाहण्याचा खर्च मांडला गेला. हातची जाणारी सूट साठ हजार. चार महिने जुनी गाडी चालवायची, तर बॅटरी आणि क्लच प्लेट बदलणे भाग होते. त्याचे बावीस हजार. नवे वर्ष उजाडताच जुन्या गाडीचे वय एका वर्षाने वाढते आणि विकताना तिची किंमत आणखी उतरते. त्याचे अंदाजे पंधरा हजार. एकूण सत्त्याण्णव हजार. उजव्या बाजूला वाट पाहण्याचा लाभ आला. पंधरा लाखांची ठेव सात टक्के दराने चार महिने तशीच राहिली, तर पस्तीस हजार व्याज मिळणार होते. वजाबाकी करता बासष्ट हजार उरले. नव्या रूपाची ही खरी किंमत होती आणि ती कोणत्याही दरपत्रकावर छापलेली नव्हती.

धाकट्याने मध्येच सुचविले होते की, ठेव न मोडता कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलावी. तात्यांनी ते साफ नाकारले. ती मर्यादा मालाच्या उलाढालीसाठी असते. थोड्या मुदतीचा पैसा दहा वर्षे चालणाऱ्या वस्तूत अडकला, की ऐन हंगामात शेतकऱ्याला देण्यासाठी रोकड उरत नाही. मोटार स्वतःच्या शिलकीतून घ्यावी किंवा मुदतीच्या वाहनकर्जातून घ्यावी. पेढीचे खेळते भांडवल तिला लावू नये.

करांचा मुद्दाही तपासला गेला. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर प्राप्तिकरात पंधरा टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर निम्माच मिळतो. ही सीमा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते आणि ती उलटून गेली होती. त्यामुळे दसऱ्याला घेतली काय आणि मार्चअखेरच्या आत घेतली काय, त्या वर्षीच्या घसाऱ्यात फरक पडणार नव्हता. घरच्या मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. तो कर गाडीच्या किमतीतच जिरतो. थोडक्यात, करांच्या बाजूने घाईलाही कारण नव्हते आणि विलंबालाही नव्हते.

उरला प्रश्न पुनर्विक्रीचा. बदलाच्या तोंडावर घेतलेल्या गाडीची किंमत बाजारात लवकर उतरते, हे धाकट्याचे म्हणणे खरे होते. विम्याच्या दृष्टीनेही एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वाहनाच्या विमामूल्यातील घट वयानुसार ठरलेली असते. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के. मात्र ज्या मॉडेलचे उत्पादनच थांबले आहे, त्याचे विमामूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या सहमतीने ठरते. तेव्हा जुने रूप घेणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी तो आकडा डोळ्यांखालून घालावा. परंतु ज्या घराने मागील गाडी अकरा वर्षे वापरली, त्या घराला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या बाजारभावाशी फारसे कर्तव्य नसते. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने नव्या रूपाची वाट पाहणे समजण्यासारखे आहे. दहा वर्षे वापरणाऱ्यासाठी तो फरक कालांतराने पुसला जातो.

शिवाय रूप बदलण्याचे हे चक्र थांबत नाही. क्रेटा भारतात प्रथम २०१५ मध्ये आली. २०१८ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला, २०२० मध्ये दुसरी पिढी आली आणि पुढचा बदल आता येऊ घातला होता. यातही दोन प्रकार ओळखावे लागतात. २०२० सारखा पिढीचा बदल मुळापासून असतो आणि त्यासाठी थांबण्यात अर्थ असू शकतो. २०१८ सारख्या बदलात बहुधा मुखवटा, दिवे आणि काही सोयी बदलतात. कधी नवे आल्यावर जुनेही विक्रीत राहते. २०२२ च्या जूनमध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ-एन आली आणि ऑगस्टमध्ये जुनी स्कॉर्पिओ 'क्लासिक' या नावाने पुन्हा बाजारात उभी राहिली.

हा सारा हिशेब होईपर्यंत थोरल्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. दर मंगळवारी सासूबाईंना दम्याच्या तपासणीसाठी मिरजेला नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, "तात्या, यात आईंचा मंगळवार कुठे मांडलाय?"

प्रश्न ऐकला सर्वांनी, पण तो कागदावर उतरला नाही. धाकट्याचा आग्रह मोठा होता. पुण्याच्या आणि बेंगळूरुच्या रात्रीच्या फेऱ्या त्यालाच कराव्या लागत आणि नव्या गाडीत समोरचा धोका ओळखून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा येणार, असे बोलले जात होते. मुलाच्या जिवापुढे बासष्ट हजार किती, असे तात्यांच्या मनात आले. वाट पाहायचे ठरले. जुन्या गाडीची बॅटरी बदलली गेली. क्लचचे काम 'पुढच्या महिन्यात' म्हणून राहिले. लवकरच विकायच्या गाडीवर खर्च कशाला, हा विचार कोणालाही गैर वाटला नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे आईंचा श्वास कोंडला. पंपाने आराम पडेना. थोरल्याने गाडी काढली. विश्रामबाग ओलांडून थोडे पुढे जाताच क्लचने साथ सोडली. इंजिन चालू होते, पण गाडी जागची हलेना. सूनबाईंनी १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका येण्याआधीच दुधाचा एक टेम्पो थांबला आणि त्याच्या चालकाने आईंना आपल्या शेजारी बसवून मिरजेच्या रुग्णालयात पोहोचविले. रस्त्यावर गेलेली ती पंचवीस मिनिटे थोरल्याला पुढे कित्येक रात्री झोपू देईनात. आई चार दिवसांनी घरी आल्या. घरात कोणी कोणाला बोल लावला नाही, आणि तेच धाकट्याला अधिक जड गेले.

पाचव्या दिवशी तो स्वतःच तात्यांसमोर आला. "जी गाडी तयार आहे ती घेऊ या, तात्या. आजच." वर्षअखेरीमुळे सूट दसऱ्यापेक्षाही थोडी वाढली होती. विक्रेत्याकडे उभ्या असलेल्या गाडीचा उत्पादन महिना तपासून, नोंदणी पुस्तकावर तोच येईल याची खात्री करून व्यवहार झाला. त्याच महिन्यात गाडी दारात आली.

१६ जानेवारी २०२४ रोजी क्रेटाचे नवे रूप अधिकृतपणे जाहीर झाले. शोरूम किंमत सुमारे ११ लाखांपासून २० लाखांपर्यंत होती. धाकटा ती पाहून आला. स्वयंचलित ब्रेकची यंत्रणा खरोखर होती. पण ती केवळ वरच्या श्रेणींत होती आणि घराने ठरविलेल्या रकमेत बसणाऱ्या श्रेणीत नव्हती. तो म्हणाला, "गाडी देखणी आहे. पण आपण ज्या रकमेत घेणार होतो, त्या रकमेत ती सोय मिळालीच नसती." नवे मॉडेल येणे आणि नवी सोय आपल्या पदरात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला शोरूममध्ये उभे राहून कळले.

त्या रात्री तात्यांनी तो जुना कागद काढला. आकड्यांपुरते पाहिले, तर दोन महिने थांबणे तोट्याचे ठरले नव्हते. सूट वाढली होती, ठेवीवर दोन महिन्यांचे व्याज मिळाले होते, क्लचचा खर्चही वाचला होता. तरीही त्यांनी कागदाच्या तळाशी 'तोटा' असे लिहिले आणि पुढची रक्कम कोरी ठेवली. सूनबाईंनी विचारलेला मंगळवार कोणत्याच खात्यात धरला नव्हता, हे त्यांनी दोन्ही मुलांसमोर मान्य केले.

म्हणून वाट पाहूच नये, असा याचा अर्थ नव्हे. दोनच वर्षांत त्याच घराला उलट अनुभव आला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी सुधारणांची घोषणा केली, तेव्हा थोरल्याच्या मेव्हण्याची गाडी घ्यायची तयारी चालली होती. तात्यांनी त्यांना थांबण्यास सांगितले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतील, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरील २९ टक्क्यांचा एकूण भार १८ टक्क्यांवर आला. क्रेटाच्या वर्गातील गाडीवर उपकर धरून ४५ टक्के पडत असत, तेथे ४० टक्के झाले. म्हणजे करपूर्व किमतीच्या दर लाखामागे पाच हजार वाचले. मेव्हण्यांनी छोटी गाडी घेतली आणि त्यांचा लाभ मोठा होता.

दोन्ही प्रतीक्षांमधला फरक व्यापाऱ्याला सहज उमगेल. दुसऱ्या खेपेस निर्णय जाहीर होताच तारीख ठाऊक झाली, रक्कम मोजता आली आणि मधल्या काळात मेव्हण्यांची जुनी गाडी धडधाकट होती. पहिल्या खेपेस तारीख ऐकीव होती, लाभ अंदाजी होता आणि जिच्या भरवशावर थांबायचे ती गाडी आधीच खचलेली होती.

तेव्हा ज्या घरात हा विषय निघेल, तेथे नव्या गाडीची चित्रे पाहण्याआधी जुन्या गाडीला चांगल्या गॅरेजमध्ये नेऊन तपासून घ्यावे. ती आणखी सहा महिने रात्री-अपरात्री साथ देईल, असे मेस्त्री छातीठोकपणे सांगत असेल, तरच पुढची चर्चा करावी. नंतर पाहावे की कंपनीने तारीख स्वतः जाहीर केली आहे का, आणि जी सोय हवी ती आपल्या श्रेणीत मिळणार आहे का. जाहीर होण्याचा दिवस आणि गाडी हातात पडण्याचा दिवस यांत अंतर असते, तेही धरावे. थांबायचेच ठरले, तर जुन्या गाडीची दुरुस्ती टाळू नये. विकायची गाडीदेखील विकेपर्यंत घरातल्या माणसांनाच वाहून नेत असते. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर शेजारच्या भरवशाच्या भाड्याच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवावे आणि त्याचा खर्च प्रतीक्षेच्या खात्यात धरावा. एवढे करूनही वाट पाहणे परवडत असेल, तर आनंदाने पाहावी. परवडत नसेल, तर मिळणारी सूट घेऊन गाडी घ्यावी आणि पुढे वर्षभर नव्या मॉडेलच्या किमती चाळत बसू नये.

तात्यांच्या घरी ती क्रेटा आजही आहे. दर मंगळवारी ती मिरजेला जाते. सूनबाई चालवतात, आई शेजारी बसतात. क्लच आणि ब्रेकच्या तपासणीची तारीख धाकट्याने पेढीवरील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे आणि ती तो स्वतः पाळतो.