कॅप्टनच्या खुर्चीत कोण?

जुन्या मालिका पुन्हा बघायची सध्या घरोघरी हौस आहे. हवं ते, हवं तेव्हा मोबाइलवर मिळतं. मग एक जण म्हणते, 'आमच्या वेळच्या मालिका म्हणजे सोनं!' आणि घरातली तरुण मुलगी दोन मिनिटं बघून म्हणते, 'ई, बायकांना काय दाखवलंय हे! बंद करा.' मैत्रिणींनो, मला वाटतं, या दोघींच्या मध्ये बसायला एक जागा आहे. आज तिथे बसून एका जुन्या मालिकेविषयी बोलू या.

ती मालिका म्हणजे 'स्टार ट्रेक'. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली, ३ जून १९६९ला तिचा शेवटचा नवा भाग दाखवला गेला. एकूण ७९ भाग. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर लागायची. भविष्यकाळातलं 'एंटरप्राइझ' नावाचं यान, त्याचा धडाडीचा कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा, कधीही न चिडणारा स्पॉक आणि सतत कुरकुरणारे डॉक्टर मॅकॉय. दर भागात नवा ग्रह आणि नवं संकट.

आज बघताना आधी हसूच येतं. दगड पुठ्ठ्याचे आहेत, हे लगेच कळतं. पैसा कमी होता, म्हणून युक्त्या भरपूर. प्रत्येक ग्रहावर यान उतरवून दाखवणं परवडेना, तेव्हा माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे प्रकट होतात अशी शक्कल काढली, आणि तीच मालिकेची ओळख बनली. डॉक्टरांच्या हातातली काही उपकरणं म्हणजे तर चक्क नव्या घाटाच्या मिठाच्या डब्या! घरात आहे त्या सामानात दहा पाहुण्यांची पंगत उठवणाऱ्या आपल्याला या काटकसरीचं कौतुक वाटणारच.

पण नुसतं हसून सोडून द्यावी अशी ही मालिका नाही. १९६७ सालचा 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग बघा. खाणीत एक राक्षसी प्राणी कामगारांना मारतोय. दिसायला तो खडबडीत, सरपटणाऱ्या गोधडीसारखा! सगळे त्याला ठार करायला निघतात. स्पॉक त्या प्राण्याच्या मनात शिरतो, तेव्हा उलगडा होतो. ती आई असते. खाणकामगार जे गोळे निरुपयोगी म्हणून फोडत होते, ती तिची अंडी असतात. मग मारामारी थांबते आणि समझोता होतो. रबराच्या त्या सोंगाकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेली कॉलेजात जाणारी भाचीसुद्धा मोबाइल बाजूला ठेवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तीच भाची रागाने लाल झाली. भाग होता 'मड्स विमेन', १९६६चा. त्यात एक लबाड माणूस तीन बायकांना दूरच्या खाणमालकांच्या बायका व्हायला घेऊन चाललेला असतो. रूप टिकावं म्हणून त्यांना गोळ्या खायला घालतो. शेवटी 'स्वतःवर विश्वास ठेवा, तेच खरं सौंदर्य' असा धडा दिलाय, पण त्या बायकांचा माल केलाय तो केलाच. भाची म्हणाली, 'मावशी, हे तर गोरेपणाचं क्रीम लावून मुलगी दाखवण्यासारखंच झालं!' तिचं काय चुकलं?

यापेक्षा बोलकी गोष्ट पडद्यामागची आहे. १९६४ साली या मालिकेचा पहिला नमुना भाग चित्रित झाला, तेव्हा यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला. नव्याने मालिका उभी राहिली, तेव्हा ते पद स्पॉककडे गेलं होतं. ती भूमिका करणारी अभिनेत्री मॅजेल बॅरेट परत आली, ती नर्स म्हणून. आणि ती नर्सही कशी, तर स्पॉकवर मूकपणे प्रेम करणारी. शेवटच्या भागात तर एक बाई कॅप्टन होता येत नाही म्हणून कर्कच्या शरीरात शिरते आणि वेडीपिशी होते.

आता तारखा बघा. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा खरोखर अंतराळात जाऊन आली १९६३ साली. जानेवारी १९६६मध्ये इंदिरा गांधी आपल्या पंतप्रधान झाल्या. म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान ज्यांना सुचलं, त्यांना त्याच्या खुर्चीत बाई बसवणं तीन वर्षांत जमलं नाही. यंत्राची कल्पना करणं सोपं असतं हो, घरातली आणि ऑफिसातली उतरंड मोडण्याची कल्पना करणं फार अवघड!

तरीही ही मालिका टाकून द्या असं मी म्हणणार नाही. कारण तिच्यात बायकांनी आपली जागा केली. ती बनवणारा स्टुडिओ ल्युसिल बॉल या अभिनेत्रीच्या ताब्यात होता. डोरोथी फाँटाना यांनी तिच्या कथा लिहिल्या, नावाची आद्याक्षरं लावून. मालिका बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा ब्यो ट्रिंबल आणि त्यांच्या पतीने प्रेक्षकांना पत्रं लिहायला लावली आणि तिसरं वर्ष मिळालं. उहुरा ही अधिकारी साकारणारी कृष्णवर्णीय निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर सोडून निघाली होती. तिला मार्टिन ल्यूथर किंग यांनी 'जाऊ नको' असं विनवलं, असं ती सांगत असे. ती थांबली. पुढे १९७७मध्ये ती नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर व्हायला या म्हणून बोलवत फिरली. लहानपणी उहुराला बघणारी मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मालिकेच्या नव्या अवतारात, 'व्हॉयेजर'मध्ये, बाई कॅप्टन मुख्य भूमिकेत आली, ती १९९५मध्ये.

उहुराचे संवाद मोजके, स्कर्ट आखूड, काम बहुतेक फोन जोडल्यासारखं. पण ती त्या दालनात होती, आणि कुणाची मोलकरीण म्हणून नव्हती. तेवढी फट एका मुलीला पुरली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. आपल्या आवडीच्या जुन्या मालिका लेकी-सुनांबरोबर जरूर बघा. त्यांनी नाक मुरडलं तर 'तुम्हाला काय कळतंय' म्हणू नका. आणि मुलींनो, तुम्हीही एका प्रसंगावरून टीव्ही बंद करू नका. हे लिहिणाऱ्यांची कल्पना कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली, ते दोघींनी मिळून शोधा. मग हाच प्रश्न आज रात्री लागणाऱ्या मालिकेलाही विचारा. तिथे घर चकचकीत आहे, हातात महागडा फोन आहे. पण घरातला निर्णय कोण घेतंय?