मेरिट म्हणजे फक्त टक्के? स्पॅनिश ‘मेरितो’चा अर्थ समजून घ्या

आपल्याकडे ‘मेरिट’ म्हटले की गुणांची यादी आठवते. स्पॅनिश शिकताना याच शब्दाचे भावंड भेटते : ‘मेरितो’. दोन्हींचे मूळ लॅटिनमधील ‘मेरितुम’, म्हणजे कमावलेले, लायकीने मिळालेले. स्पॅनिशमध्ये हे नाम पुल्लिंगी आहे, म्हणून ‘एल मेरितो’. उच्चारताना जोर ‘मे’वर द्यायचा.

वापर कसा होतो?

• तिएने मुचो मेरितो : ‘हे खरेच कौतुकास्पद आहे.’ नोकरी आणि मुले सांभाळून रात्री शिकणाऱ्या बाईबद्दल असे सहज म्हणतात. यात कष्टाचीही दाद असते.

• येवार्से एल मेरितो : श्रेय घेऊन जाणे. काम एकाचे, हार दुसऱ्याच्या गळ्यात, हे आपल्यालाही ठाऊक आहेच.

• अथेर मेरितोस : वरिष्ठांच्या नजरेत भरण्यासाठी धडपडणे.

स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेत, कलम १०३ नुसार, सरकारी सेवेतील प्रवेश ‘मेरितो आणि क्षमता’ या तत्त्वांवर होतो. तिथल्या अनेक भरतींत परीक्षेचे गुण वेगळे धरतात आणि ‘मेरितोस’ वेगळे. या ‘मेरितोस’मध्ये अनुभव, पदव्या, प्रशिक्षण येते.

आपण मात्र परीक्षेच्या गुणांनाच मेरिट म्हणतो. तीन क्लास लावून मिळालेले ९० टक्के आणि दुकानात काम करून मिळवलेले ७५ टक्के यांची तुलना यादी करत नाही. प्रवेशाला आकडा लागेल, हे मान्य. पण निकालाच्या दिवशी शाबासकी देताना तरी ‘मेरितो’चा पूर्ण अर्थ लक्षात ठेवायला हवा.