सूक्ष्म मोजणीची विद्या आणि परभणी

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा औंढा नागनाथचा परिसर महसुली दप्तरात परभणीकडून हिंगोलीकडे वर्ग झाला. परंतु दप्तरे हलली म्हणून माणसांच्या सोयरिकी, बाजारहाट आणि शिक्षणाच्या वाटा हलत नाहीत, आणि म्हणूनच औंढ्यानजीक दुधाळ्याच्या शिवारात जी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे तिच्याकडे परभणीकरांनी परजिल्ह्यातील एक वार्ता म्हणून पाहावे हे मला मुळीच मान्य नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली, त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली, आणि सुमारे २२५ हेक्टर जमीन अणुऊर्जा विभागाच्या स्वाधीन झाली आहे. २०३० पर्यंत वेधशाळा कार्यान्वित करावी असे शासनाचे उद्दिष्ट आहे. या सर्व काळात आपल्याकडे जी चर्चा कानी येते ती बहुतांशी जमिनींच्या भावाची, रस्त्यांच्या रुंदीकरणाची आणि येणाऱ्या पर्यटकांची असते. या गोष्टी गैर नाहीत. परंतु तेथे काय मोजले जाणार, कोणत्या प्रकाशाने मोजले जाणार, आणि ते मोजणारे हात कोणाचे असणार, हे तीन प्रश्न त्याहून थोर आहेत.

मोजावयाचे काय, ते प्रथम पाहू. दूरच्या विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालीत अखेर एकरूप होतात, तेव्हा खुद्द अवकाशात लहरी उठतात. अशी पहिली लहर अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती, आणि चार किलोमीटर लांबीच्या भुजेत तिने घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे सहस्रांशाएवढाच होता. एवढा फरक ओळखणाऱ्या उपकरणाचे मूळ तत्त्व मात्र १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी वापरलेले तेच आहे: एका किरणाचे दोन भाग करावयाचे, ते परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन भुजांत धाडावयाचे, आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र करावयाचे, आणि दोन लहरींच्या व्यतिकरणावरून कोणती भुजा किती लांबली वा आखडली हे वाचावयाचे. लायगोच्या भुजेत प्रकाश सुमारे तीनशे वेळा मागेपुढे धावतो, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा जणू बाराशे किलोमीटरची होते. भुजांतील हवा काढून घेऊन तेथे वातावरणाच्या सुमारे एक सहस्र-अब्जांश एवढाच दाब शिल्लक ठेवलेला असतो. आणि चाळीस किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंनी चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात.

या सगळ्या खटाटोपानंतरही एक अडचण उरते, आणि ती कोणत्याही कारागिराच्या हातचुकीची नसून निसर्गनियमाची आहे. प्रकाश हा सलग प्रवाह नव्हे, तो स्वतंत्र कणांचा वर्षाव आहे. पत्र्याच्या छपरावर झड कितीही एकसारखी लागली तरी थेंबांचा आवाज जसा क्षणाक्षणाला कमीअधिक होत राहतो, तसे लेसरचे प्रकाशकणही गणतीत थोडेफार मागेपुढे येतात, आणि त्या चढउतारात अतिसूक्ष्म संकेत बुडून जातो. लेसरची शक्ती वाढविली तर हा दोष घटतो, परंतु प्रखर प्रकाशाचा दाब आरशांनाच हलवू लागतो. अनिश्चितता नाहीशी करता येत नाही, हे पुंजभौतिकीचे शासन आहे. मात्र तिची वाटणी बदलता येते, हा विचार अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ साली मांडला. लहरीची कला आणि लहरीचा आयाम या दोहोंतील अनिश्चिततेपैकी जी आपल्या मापनास बाधक असेल ती आवळावी आणि दुसरी वाढू द्यावी. अशा प्रकाशास संकोचित प्रकाश म्हणतात. त्यासाठी हिरव्या लेसरचा किरण एका विशिष्ट स्फटिकात सोडतात, तेथे हिरव्या प्रकाशाचा एक कण अवरक्त प्रकाशाच्या दोन जुळ्या कणांत विभागला जातो, आणि त्या जुळ्यांच्या परस्परसंबंधातून संकोच निर्माण होतो. मग हा प्रकाश उपकरणाच्या ज्या द्वारातून एरवी केवळ निर्वाताची अनिश्चितता आत शिरते, त्याच द्वारातून आत सोडतात.

जर्मनीतील हॅनोव्हरनजीकच्या जिओ-६०० वेधशाळेत २०१० पासून ही युक्ती वापरात आली; लायगोच्या दोन्ही वेधशाळांत ती एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या निरीक्षणसत्रापासून रुजू झाली, आणि तिच्या योगाने घटना टिपण्याचे अपेक्षित प्रमाण हॅनफर्ड येथे सुमारे ४० तर लिव्हिंग्स्टन येथे सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. पुढे २०२३ च्या सत्रात तीनशे मीटर लांबीच्या एका स्वतंत्र निर्वात-कोठडीच्या साहाय्याने कमी कंपनसंख्येस आयाम आणि अधिक कंपनसंख्येस कला आवळण्याची सोयही झाली. या संशोधनात अग्रभागी असलेल्या नर्गिस मावलवाला कराचीत वाढल्या, हे या उपखंडातील वाचकास सांगावेसे वाटते.

महाराष्ट्राचा वाटाही थोडका नाही. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यास उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या शोधाचे काम हाती घेतले, तेव्हा त्या लहरी कधी काळी प्रत्यक्ष सापडतील यावर विश्वास ठेवणारे मोजकेच होते; गोंगाटातून संकेत वेचून काढण्यासाठी अपेक्षित लहरींचे गणिती साचे आधीच तयार ठेवून त्यांच्याशी नोंदी ताडून पाहण्याची जी पद्धत त्यांनी आणि बी. सत्यप्रकाश यांनी विकसित केली, ती पुढे या शोधाचा एक आधारस्तंभ ठरली. एप्रिल २०२३ मध्येच केंद्राने ६,००३ कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले, आणि त्याच्या चार केंद्रांपैकी सूक्ष्म संवेदन व मापन यांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले. म्हणजे गणित पुण्यात, मापनविद्या मुंबईत आणि वेधशाळा मराठवाड्यात, असा योग या विषयात जुळून आला आहे.

हाच संकोचित प्रकाश आता संगणनाच्या क्षेत्रातही कामास लावला जात आहे. चार किलोमीटरच्या भुजांत जे विभाजन आणि मीलन घडते, तेच सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या, केसाहूनही बारीक प्रकाशवाटांमध्ये नखाएवढ्या जागेत घडविता येते, आणि अशी अनेक व्यतिकरणमापके एका फोटॉनिक चिपवर मांडून त्यांच्यातून संकोचित प्रकाश खेळविला म्हणजे काही विशिष्ट गणिते प्रकाशच सोडवू लागतो. कॅनडातील झनाडू या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ‘ऑरोरा’ यंत्रात अशा ३५ चिपा तेरा किलोमीटर प्रकाशतंतूने जोडलेल्या आहेत. त्यातील क्यूबिटांची, म्हणजे पुंजसंगणनाच्या मूलभूत एककांची, संख्या अवघी बारा आहे, तेव्हा व्यवहारोपयोगी संगणकापासून हे यंत्र अद्याप फार दूर आहे हे स्पष्टच म्हटले पाहिजे. आपल्या देशात मद्रासच्या आयआयटीत सिलिकॉन फोटॉनिक्सचे केंद्र काम करीत आहे.

वेधशाळा असो वा चिप, दोहोंचा वैरी एकच: प्रकाशाची गळती. साध्या लेसरमधील काही कण वाटेत नष्ट झाले तर किरण किंचित मंद होतो, इतकेच. परंतु संकोचित प्रकाशातील जुळ्यांपैकी एक हरवला की दुसऱ्याचे मोलही जाते, आणि त्याची जागा निर्वाताची बेशिस्त अनिश्चितता घेते. आरशावरील धुळीचा कण, भिंगाच्या लेपातील उणीव, दोन प्रकाशवाटांच्या सांध्यातील अल्पसा फरक, निर्वातनळीच्या जोडातील सूक्ष्म छिद्र, यांतील प्रत्येक गोष्ट संकोचित प्रकाशाचा सारा लाभ हिरावून घेऊ शकते. म्हणूनच ही विद्या केवळ समीकरणे जाणणाऱ्यांच्या बळावर चालत नाही; घासणारे, लेप देणारे, जोडणारे, स्वच्छ राखणारे आणि दिवसरात्र नोंदी ठेवणारे कुशल हात तिला तितकेच लागतात, आणि ते हात औंढ्याच्या आसपासच घडवावे लागतील, कारण वेधशाळा एकदा सुरू झाली की ती दशकानुदशके चालवावयाची असते. बाहेरून आलेला प्रत्येक तंत्रज्ञ औंढ्यात जन्मभर राहील अशी अपेक्षा धरणे व्यवहारज्ञानाचे लक्षण नव्हे.

आपल्या भागातील पदवी महाविद्यालयांतील भौतिकीच्या ज्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत, त्यांत सोडियमचा दिवा, वर्णपटमापक आणि न्यूटनच्या वलयांचा प्रयोग असतो. व्यतिकरणमापक एखाद्याच ठिकाणी दिसले, आणि तेही कपाटात बंद. शिक्षकांना मी दोष देत नाही, कारण उपकरण बिघडल्यास दुरुस्तीची तरतूद नसते आणि भरपाईची धास्ती मात्र असते. ज्या उपकरणाच्या तत्त्वावर हजारो कोटींची वेधशाळा उभी राहते, त्याची छोटी प्रतिकृती जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या विद्यार्थ्याच्या हाताखालून एकदाही जाऊ नये, ही स्थिती मला असह्य वाटते.

कुशल हातांइतकाच जागेच्या स्थैर्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वसमत-औंढा पट्ट्यातील गावांना जमिनीखालून येणारे आवाज परिचित आहेत, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी झालेला ४.५ तीव्रतेचा धक्का परभणीतही जाणवला. तेव्हा अशा जागी एवढे नाजूक यंत्र का, असा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर असे की, अधूनमधून येणाऱ्या धक्क्याने मापन काही काळ खंडित होते आणि पुन्हा सुरू करता येते. पण अवजड वाहतूक, खडी केंद्रे, सुरुंगाचे स्फोट यांची अष्टौप्रहर चालणारी थरथर हा त्याहून चिवट उपद्रव आहे. त्या परिसरात खाणपट्टे आणि कारखान्यांना परवानगी देताना हिंगोलीच्या महसूल यंत्रणेने जे तारतम्य राखावयाचे, तेच जिंतूर तालुक्याच्या हद्दीतही राखले गेले पाहिजे.

या वेधशाळेने पाऊस वाढणार नाही, कापसाला भाव मिळणार नाही, आणि तशी आश्वासने कोणी देऊ नयेत व कोणी ऐकूनही घेऊ नयेत. तिच्यापासून मिळण्यासारखी मोठी गोष्ट आहे ती सूक्ष्मतेची शिस्त, आणि ज्या प्रदेशात ती शिस्त रुजते तेथे पुढे प्रकाशतंतू, निर्वातपंप, वैद्यकीय लेसर, भूजलाची मापके असे अनेक व्यवसाय उभे राहू शकतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत परभणी व हिंगोली हे दोन्ही जिल्हे येतात. त्या विद्यापीठाने विज्ञान पदवीच्या अभ्यासक्रमात लेसर व व्यतिकरणमापन यांचे प्रात्यक्षिक अनिवार्य करावे, परभणीच्या जिल्हा नियोजन समितीने प्रत्येक विज्ञान महाविद्यालयास त्या उपकरणासाठी व त्याच्या दुरुस्तीसाठी निधी द्यावा, आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रकाशीय जोडणी व निर्वाततंत्र यांचे वर्ग, ‘आयुका’च्या सल्ल्याने, येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू व्हावेत. आज अकरावीच्या वर्गात बसलेली परभणीची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तो काळ आणि दुधाळ्याच्या भुजांत प्रथम प्रकाश सोडला जाण्याचा काळ यांत फारसे अंतर नाही. तेव्हा या मागण्यांचा ठराव जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीतच मांडला जावा, अशी माझी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे.