मुलांचा अभ्यास : नाटक वाचलं, पण उमगलं का?

वसमतच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सातवीत. शाळेच्या संमेलनात 'संगीत शारदा'तला एक प्रवेश बसवायचा म्हणून बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचायला दिला आणि त्यावर प्रश्न काढले. 'कोण कोणास म्हणाले', गाळलेल्या जागा, सगळं बरोबर. पण 'मैत्रीण गाण्यातून भुजंगनाथाविषयी काय सुचवते?' याला मुलीनं लिहिलं, 'ती त्यांची स्तुती करते.' गुण गेला. आई विचारतात, "गाण्यात तर कौतुकच आहे, मग चुकलं कुठं? बाईंना जाऊन भेटू का? मी नववी शिकलेली, घरी कसं तपासू?"

बाईंचं बरोबर आहे हो. भुजंगनाथ पाऊणशे वर्षांचा आणि शारदा कोवळी पोर. अशा नवऱ्या मुलाला 'काही फार वय नाही' म्हणायचं, त्याला आपण टोमणा म्हणतो. सासरी नांदलेल्या बाईला हे शिकवावं लागतं का? 'सूनबाई आज लवकर उठल्या वाटतं!' हे कोणत्या सुरात आलं, त्यावरून आपण काय ते ओळखतोच. गोष्टीत लेखक सांगून टाकतो की ती चिडवून बोलली. नाटकात तो फार तर कंसात दोन शब्द टाकतो, आणि मुलं नेमका कंसच गाळून वाचतात. 'कोण कोणास म्हणाले' ही पाठांतराची परीक्षा. समज तिथं दिसत नाही, आणि गाईडातली उत्तरं घोकून तर मुळीच येत नाही.

तपासायला तुमची नववी पुष्कळ झाली. भाजी निवडता निवडता एक पान मोठ्यानं वाचून घ्या. पात्रांची नावं हातानं झाका आणि विचारा, हे कोण बोललं असेल? कशावरून? 'कशावरून'चं उत्तर आलं तरच गुण द्या. मग तेच वाक्य एकदा खरं कौतुक म्हणून आणि एकदा टोमणा म्हणून म्हणायला लावा. सर्वांत चांगली कसोटी म्हणजे ते आपल्या बोलीत सांगायला लावणं. देवलांची भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची. किर्लोस्कर मंडळीनं हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आणलं. आपल्या हिंगोलीकडची पोर घरात 'काय करायलीस गं?' म्हणते. तिनं तो संवाद तसा म्हणून दाखवला, तर अर्थ पोचला असं खुशाल समजा. 'असं अशुद्ध बोलू नको' म्हणून तिला तिथंच अडवू नका. दहा मिनिटं पुरे, नाहीतर त्याचीही परीक्षा होऊन बसते.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा : या लग्नात कुणाला काय हवं आहे? कांचनभटाला पैसा हवा, भुजंगनाथाला बायको हवी, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षिताला आपला लाभ. आईचं मन या लग्नाला नाही, पण तिचं चालत नाही. आणि शारदेला काय हवं, हे विचारतं कोण?

या भगिनींनी पत्राच्या शेवटी सहज लिहिलं आहे, की जाऊबाई म्हणतात, आठवी झाली की पोरीला स्थळ बघू. तेव्हा असं नाटक समजलेली मुलगी उद्या घरात काही विचारील, याची तयारी असू द्या. तिला रागावू नका. जाऊबाईंना सांगायला कायदा आहे : २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं वय १८ पूर्ण हवं, मुलाचं २१. लग्न लावून देणारेही त्यात सापडतात. कुठं असं ठरत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. (१९२९ च्या कायद्याला 'शारदा कायदा' म्हणत, ते मात्र या नाटकामुळे नव्हे, हरबिलास सारडा यांच्या नावावरून. मुलं हटकून गोंधळ करतात, तेवढं सांगून ठेवा.)

राहता राहिली बाईंची भेट. जरूर जा, पण गुणासाठी नको. संमेलनाच्या तालमीत ते गाणं वर्गाला एकदा ऐकवा, एवढंच सांगा. आणि प्रवेशाआधीची-नंतरची पानंही मुलीला वाचायला मिळतील का, तेही विचारून या.