मधमाशी प्राणी आहे काय?

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. अलीकडे हे सोने म्हणजे बियाणे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ काढली आणि बियाण्याच्या पिशव्यांवरून जालन्याचे नाव देशभर गेले. पण या पाळण्याची दोरी कोणाच्या हाती आहे? कांद्याच्या बियाण्यापुरते सांगायचे तर ती हाती नाहीच, पायांत आहे. मधमाशीच्या सहा पायांत!

माघ-फाल्गुनात बियाण्याच्या कांद्यावर पांढरे गोंडे डोलू लागतात. या फुलातला पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. नवरा दिवसपाळीला, बायको रातपाळीला, असा हा संसार! मध्यस्थावाचून तो फळावा कसा? ही मध्यस्थी सातेरी, फुलोरी आणि आग्यामाशा मुकाट्याने करतात, दलालीही मागत नाहीत.

शहाणा शेतकरी फुलोऱ्यात फवारणी करीत नाही. पण माशीला सातबारा वाचता येत नाही. ती बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शिवारात जाते. तिथे भर दुपारी पंप चालू असतो. एकाचे शहाणपण दुसऱ्याच्या पंपापुढे टिकत नाही, म्हणूनच कायदा लागतो.

तसा कायदा झालेला आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन धान्यात मिसळून शंभरावर माणसे दगावली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. माणसांना आणि प्राण्यांना धोका होऊ नये, हा त्याचा हेतू. मराठीच्या मास्तराला व्याख्या वाचण्याची खोड असते, म्हणून पाहिले, तर प्राणी म्हणजे ‘माणसाला उपयोगी असलेले प्राणी’. त्यांत मासे आणि कोंबड्या यांचा नावानिशी उल्लेख. मधमाशीचा मात्र नाही. उपयोगाच्या कसोटीवर तिच्याइतके गुण कोणाला पडतील? पण कायद्यात नाव नसलेल्याची कैफियत कोण मांडणार?

युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशके उघड्या शेतात वापरण्यास बंदी केली, ती मधमाशांसाठीच. आपण निदान एवढे मागू या: कायद्यात मधमाशीचे नाव यावे, माशीला घातक असलेल्या औषधाच्या बाटलीवर तसा इशारा मोठ्या मराठी अक्षरांत असावा, भिंगातून वाचावा लागू नये, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत फवारायचे झालेच तर माशा पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. या शेवटच्या गोष्टीला तर दिल्लीची परवानगीही नको.

शहरातल्या वाचकाला वाटेल, यात आमचे काय? दिवाळीचे पाहुणे गेले की घरोघर पुन्हा कांदेपोहे होतील. त्या कांद्याच्या बीजामागे कुठल्यातरी माशीची पायपीट आहे. तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना एक पत्र तिच्या वतीने जाऊ द्या. तिला स्वतःला मत नाही, आणि तिचे मोर्चे फुलांकडेच निघतात.